वाड्यातली तीन वर्षे

सिनेनटी हंसा वाडकर मराठवाड्यात तीन वर्षे राहून गेल्या, हे माझ्या बी. ए.च्या वर्गात एकालाही माहीत नव्हते. स्टाफरूममध्ये विचारले तर दोघांना ठाऊक होते. त्यातल्या एका सरांनी आधी दाराकडे पाहिले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हां, ते प्रकरण."

तो शब्द तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. एखादा नट घर सोडून दहा वर्षे भटकला तर चरित्रकार त्याला उमेदवारीचा काळ म्हणतात. बाईने तीन वर्षे एका घरात कोंडून काढली की त्याचे प्रकरण होते, आणि एकदा प्रकरण झाले की ते सिनेमाच्या इतिहासात बसत नाही आणि प्रदेशाच्याही नाही. माझे म्हणणे सरळ आहे. ही तीन वर्षे मराठवाड्याच्या इतिहासातली आहेत. ती आपण आपली म्हणून घेतली पाहिजेत आणि वर्गात उघड्या आवाजात शिकवली पाहिजेत.

आजच्या मुलांना नावही नवे आहे, म्हणून आधी ते सांगते. मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३चा. घराणे कलावंतांचे, वडील दारूच्या नादी लागलेले. घर चालवायची पाळी शाळेत जायच्या वयाच्या मुलीवर आली. १९३६ साली 'विजयाची लग्ने'मधून त्या पडद्यावर आल्या तेव्हा त्यांना तेरावे लागले होते. सिनेमात घराचे नाव नको म्हणून आडनावही बदलले गेले. पुढे बॉम्बे टॉकीज, मग पुण्याची प्रभात. १९४१ साली 'संत सखू', १९४४ साली 'रामशास्त्री', आणि १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी', ज्यातल्या बया या त्यांच्या भूमिकेने सगळा महाराष्ट्र वेडा केला. १९५० साली 'पुढचं पाऊल' आला. नाटकांतूनही त्यांनी कामे केली. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. १९७० साली त्याच नावाने त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने निघाले, त्यांनी सांगितलेले आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलेले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

माझ्या आईने 'सांगत्ये ऐका' जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. मीही तो तिथेच पाहिला, बऱ्याच वर्षांनी, तिच्या मांडीवर डोके ठेवून. गंगाखेडकडची आमची जत्रा. तंबूत मधोमध कनात लावून बायकांची बाजू वेगळी केलेली असायची. धुरळा बसावा म्हणून खाली पाणी मारलेले, आणि त्या ओलसर मातीवर घरून आणलेले पोते अंथरून बसायचे. रीळ बदलताना बत्ती लागायची, तेवढ्यात बायका आपापली लेकरे मोजून घ्यायच्या. पडद्यावर हंसाबाई आल्या की कनातीपलीकडून शिट्ट्या यायच्या. आमच्या बाजूला शेंगा फोडायच्या थांबायच्या. त्या सिनेमात गावच्या पाटलाचे पाप तमाशाच्या फडावर, भर गावासमोर उघडे पडते. माझी आई त्या दृश्याला दर वेळी सरळ होऊन बसायची. "ती बाई बोलायली ना, तवा आपल्याच घरचं कुणीतरी तोंड उघडायलंय असं वाटतंय," असे ती म्हणायची. आईला सही करण्यापुरतेच लिहिता येत होते. सिनेमाबद्दल एवढे नेमके बोललेले मी नंतर फार थोड्या ठिकाणी ऐकले.

या बाईंचे मराठवाड्यात काय झाले? कारकीर्द ऐन भरात असताना घरातली भांडणे विकोपाला गेली. नवऱ्याला त्यांनी काम करत राहायला हवे होते, पैसा हवा होता, आणि वर संशयही होता. एका रागाच्या क्षणी त्या दुसऱ्या एका माणसाबरोबर बाहेर पडल्या. तो त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या शेतीवाडीच्या घरी घेऊन आला. घरात आधीच्या दोन बायका होत्या. या तिसऱ्या झाल्या. मग परतीची वाटच उरली नाही, आणि तीन वर्षे गेली. अखेर नवऱ्यापर्यंत निरोप पोचला आणि सुटका झाली. पण सुटकेच्या त्या व्यवहारात ज्या मॅजिस्ट्रेटकडे जावे लागले, त्यानेच आपल्यावर बलात्कार केला, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

ज्याच्याकडे दाद मागायची त्यानेच असे केल्यावर बाईने कुणाला सांगायचे? त्यांनी बऱ्याच वर्षांनी सगळ्या महाराष्ट्राला सांगितले. आपण ऐकले, आणि "काय बाई, काय आयुष्य" म्हणून पुस्तक कपाटात ठेवून दिले.

मी अशाच एका घरात वाढले, म्हणून ते घर मला डोळ्यांसमोर दिसते. माझ्या आजोळचा वाडा. मोठ्या दरवाजाला आतून आडवा अडसर, तो काढायला दोन गडी लागत. आत शिरल्यावर ढेलज, तिथे पुरुषांची बैठक. ढेलजेच्या पुढे चौक, चौकामागे माजघर, माजघरात धान्य साठवायचे बळद, आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. आजी दिवसा कधी ढेलज ओलांडून बाहेर गेलेली मला आठवत नाही. पाण्याला, देवाला, शेजारी, सगळीकडे मागच्या दाराने. माळवदावर वाळवण घालायला गेली तरी रस्त्याच्या कडेला उभे राहायचे नाही, असा दंडक होता. आजीला चुलत सासू दोन होत्या, एकाच नवऱ्याच्या. त्यांच्यात भांडण कधी झाले नाही, असे घरात कौतुकाने सांगत. मोठी झाल्यावर मला कळले की भांडायलासुद्धा आवाज लागतो.

यात कायद्याचाही भाग आहे, आणि तो मराठवाड्यापुरता वेगळा आहे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाने दुसरे लग्न करायला १९४६ साली कायद्याने बंदी आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तो कायदा इथे लागू नव्हता. इथल्या वाड्यात दुसरी, तिसरी बायको आणायला १९५५च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतून एखादी बाई इकडच्या वाड्यात आली तर ती नुसते गाव बदलत नव्हती, वेगळ्या कायद्याच्या मुलखात येत होती. सतरा सप्टेंबरला आपण दर वर्षी मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन करतो. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, गश्ती क्रमांक ५३ या हुकमाने लोकांची तोंडे बंद केली होती, हे भाषणात सांगतो. ते सांगायलाच हवे. पण ज्या वाड्यांवर राज्य बदलल्याचा काहीच परिणाम झाला नाही, त्यांच्या आतल्या बायकांचा शब्दही त्या भाषणात नसतो. हंसाबाईंचे पुस्तक हा आपल्याकडच्या वाड्याच्या आतून आलेला, नाव छापून दिलेला जबाब आहे. असे कागद आपल्याजवळ किती आहेत?

या जागी मला 'संत सखू' आठवतो. सखूला पंढरीला जायचे असते, सासरचे तिला खांबाला बांधून ठेवतात, आणि विठ्ठल येऊन तिच्या जागी बांधून घेतो. आमच्या पिढीतल्या बायकांना ही कथा कीर्तनातून पाठ आहे. सखूचे काम करताना हंसाबाईंचे वय अठराच्या आसपास होते. पुढे त्या स्वतः बांधल्या गेल्या तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला कुणी आले नाही. गंगाखेड ही जनाबाईची भूमी. भरल्या बाजारात जाईन म्हणणाऱ्या जनीची पालखी आम्ही वाजतगाजत काढतो, आणि गावातली मुलगी रंगमंचावर उभी राहते म्हटली की घराघरांत बैठका बसतात.

माझ्या मते चूक हे पुस्तक वाचण्याच्या पद्धतीत आहे. पुरुष कोण, दारू कधी लागली, कुणाला सोडले, कुणाकडे गेली, एवढेच आपण त्यात शोधत आलो. शोधायचे तर पैसे शोधा. करार कुणी केला, रक्कम कुणाच्या हातात पडली, मुलीच्या कमाईवर कोण कोण जगले, आणि तिला "आता घरी बसते" म्हणता आले का? हंसाबाईंना संसार करायचा होता, मुलीकडे पाहायचे होते, हे त्या परत परत सांगतात. घरातल्यांना त्यांचे काम हवे होते. इतकी वर्षे राबलेल्या बाईकडे स्वतःची म्हणावी अशी शिल्लक नाही, यात चारित्र्याचा काय संबंध? हा मजुरीचा प्रश्न आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात पडतात आणि बाई फडात राबते, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मग हंसाबाईंची गोष्ट आपल्याला परकी का वाटावी? १९७७ साली श्याम बेनेगलांनी या आयुष्यावरून 'भूमिका' केला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जगभर तो पाहिला गेला. तो पाहून कुणी मराठवाड्यात येऊन काही शोधायला हवे होते. ते काम आपलेच होते, अजूनही आहे.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. पहिला असा की बाई आपल्या पायांनी गेली होती. गेली होती. आत जायचा निर्णय तिचा होता आणि बाहेर पडायचा निर्णय तिच्या हातात राहिला नाही. या दोन गोष्टी एकच मानल्या, तर सासरी छळ झालेल्या प्रत्येक मुलीला आपण "तू होकार दिला होतास ना" म्हणू शकू. आणि म्हणतोच. दुसरा आक्षेप आमच्या माणसांचा आहे आणि त्यामागचे दुखणे मला कळते. आधीच आपल्याला मागास म्हणतात, त्यात हे कशाला उकरून काढायचे? पण मागासपणाचा अनुशेष आपण सिंचनात मोजतो, रस्त्यात मोजतो, नोकऱ्यांत मोजतो. बायकांच्या बाबतीत मोजायची वेळ आली की प्रदेशाची अब्रू आठवते. आत्मचरित्र हे आठवणीतून सांगितलेले असते, त्यात काही मागेपुढे होणार, हे मी मान्य करते. कोर्टातल्या साक्षीसारखे ते उलटतपासणीला घेऊ नये. पण बंद दाराआडचा श्वास कसा असतो, हे सांगायला तारखा लागत नाहीत.

आणि हे सगळे संपलेले असते तर मी इतके लिहिले नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षाची, शेतकऱ्याच्या घरची, रोज एस. टी.ने येणारी. तिचा आवाज असा होता की तालमीत ती बोलायला लागली की खिडकीबाहेरची पोरे गप्प व्हायची. तिचा भाऊ रोज तालमीला यायचा आणि दारात खुर्ची टाकून बसायचा. वाईट नव्हता तो. मला म्हणायचा, "मॅडम, साडेसहाच्या गाडीला सोडा तेवढं, माय वाट पाहायलीय." मी सोडायचे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात खुर्ची रिकामी दिसली, मुलगीही आली नाही. सोयरीक जमली होती. पाहुण्यांनी विचारले होते की मुलगी नाटकात काम करते हे खरे का, आणि घरच्यांनी नाही म्हणून सांगितले होते. तिच्या जागी मी दुसरीला उभे केले. आम्हाला उत्तेजनार्थ मिळाले. त्या प्रमाणपत्रावर तिचे नाव नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघाले. परभणीत ४८, बीडमध्ये जवळपास ४४. मला या आकड्यात न झालेली नाटके दिसतात. तालुक्याच्या गावची हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता निवडतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "स्त्रीपात्र किती?" एकच असेल तर बरे, नसेल तर उत्तम. लागलीच तर मोठ्या शहरातून नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, देऊन बाई आणायची. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांच्या कामांसाठी ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्याला नव्वद वर्षे होऊन गेली. आमच्याकडे अजून आईचे काम मिशी काढलेल्या पोराला करावे लागते.

आणि जिथे मुली उभ्या राहतात तिथली अवस्था पाहा. मी मुलींना घेऊन मराठवाड्यातल्या बऱ्याच नाट्यगृहांत आणि सभागृहांत गेले आहे. एका ठिकाणी मेकअप रूम म्हणून दिलेल्या खोलीला दार होते, कडी नव्हती. दोघी मुलींनी चादर धरायची आणि तिसरीने तिच्याआड नऊवारी नेसायची. खोलीत एक आरसा, कोपरा उडालेला, आणि कपडे अडकवायला एक खिळा. बायकांच्या स्वच्छतागृहात झाडू आणि फाटके पडदे कोंबून ठेवले होते. किल्लीवाला कोण, हे तिसरी घंटा होईपर्यंत कळले नाही. मुली दुपारपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. समोर रंगमंचावर मात्र दीपप्रज्वलनाची समई लखलखत होती आणि नटेश्वराला हार घातलेला होता.

मला मोठमोठ्या गोष्टी नको आहेत. नाट्यगृहाला एखाद्या नटीचे नाव द्यावे की नाही यावर वाद होतात. माझे म्हणणे आहे की आधी त्या खोलीला कडी लावा. स्पर्धेचे प्रयोग रात्री सुटतात तेव्हा मुलींना घरापर्यंत सोडायची गाडी ही आयोजकांची जबाबदारी करा. ती खर्चाच्या अंदाजात मंडपासारखीच धरा. हंसाबाईंचे आत्मचरित्र मराठवाड्याच्या आमच्या दोन्ही विद्यापीठांत पदवीला नेमा, आणि नेमताना ती वाड्यातली पाने गाळू नका.

यातले सगळ्यात तातडीचे काम वेगळे आहे. आपल्या भागात कनातीच्या, तंबूच्या, मेळ्यांच्या, कलापथकांच्या, तमाशाच्या फडांच्या काळात काम केलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत त्यांच्यातल्या कितीजणी नाचल्या असतील. शासनाचे वृद्ध कलावंतांचे मानधन आता महिना पाच हजार आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यासाठी पुरावे लागतात. कार्यक्रमाचे हँडबिल, फोटो, कात्रणे, प्रमाणपत्रे. जिने लग्नानंतर नाव बदलले, जिच्या फोटोंचा गठ्ठा दिराने चुलीत घातला, जिने स्वतःच्या नातवंडांना आपण काम करत होतो हे कधी सांगितले नाही, ती कुठून आणणार पुरावा? लपवायला आपणच लावले, आणि आता दाखव म्हणतो. अशा अर्जांसाठी गावातल्या जाणत्या माणसांचा आणि सहकलाकारांचा तोंडी जबाब पुरावा म्हणून धरावा. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी दर वर्षी विद्यार्थ्यांना एकेका जिल्ह्यात पाठवून या बायकांचे बोलणे नोंदवून घ्यावे. आज मोबाइलवर रेकॉर्डिंगला काही खर्च येत नाही. मागच्या पाच-सहा वर्षांत माझ्या माहितीतल्या तिघी गेल्या. त्यांच्याबरोबर किती पदे, किती वग आणि किती हिशोब गेले.

मी स्वतः सुरुवात केली आहे. गेल्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थिनींना घेऊन एका बाईंकडे गेले. पूर्वी फडात काम करायच्या, आता लेकीकडे राहतात. पत्र्याचे घर, दुपारची वेळ, आत झोंबणारी गरमी. लेकीने चहा केला. मी मोबाइल समोर ठेवला आणि समजावून सांगितले की हे कशासाठी आहे, कुठे जपून ठेवणार आहोत. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग पहिलाच प्रश्न त्यांनी मला केला, "ह्याचे पैसे कोन घेतंय?"

कुणीच घेत नाही, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "तसं नसतंय बाई. कुनीतरी घेतच असतंय."

त्यांचे बरोबर होते. मी पगारावर आहे, मुलींना प्रकल्पाचे गुण मिळणार होते. ज्यांचे आयुष्य आम्ही मागत होतो त्यांच्यासाठी आमच्या कागदावर एक रुपयाही धरलेला नव्हता. मी पर्स उघडली. त्यांनी पदराला हात पुसले, नोटा घेतल्या, एकेक करून मोजल्या, घडी घालून कनवटीला लावल्या, आणि मग म्हणाल्या, "हं, इचारा."